पणजी आणि जुने गोवे: आजी-नातवंडांसकट पायी फिरायचे सोपे मार्ग

मांडवीकाठ
सुट्ट्या जवळ आल्या की "बरोबर लहान मुलं आणि आई-बाबा आहेत, पणजीत काय बघावं" हा प्रश्न इथे पडतोच, आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरतात. म्हणून हा एकच धागा. माहितगारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

आधी एक गोष्ट ठरवून टाका: पणजी आणि जुने गोवे एकाच दिवसात कोंबायचे नाहीत. मध्ये जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, त्यामुळे मोह होतो. पण पणजी हे राहतं शहर आहे, गल्लीबोळांतून रमतगमत बघायचं. जुन्या गोव्यात अवाढव्य इमारती, मध्ये उघडी मैदानं आणि डोक्यावर ऊन. दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत मुलांचे पाय गळालेले असतात आणि आजी "मी गाडीतच बसते" म्हणतात. दोन वेगळ्या सकाळी ठेवा.

पणजीचा मार्ग: गाडी पाटोवरच्या बहुमजली वाहनतळात लावा. फोंताईन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या गल्ल्यांत गाडी घालू नका. जागा मिळत नाही आणि समोरून दुसरी आली तर मागे घेत बसावं लागतं. वाहनतळावरून रिक्षाने मळा या भागात उतरा. मीटर धरू नका, भाडं आधी ठरवा. चालत जायचं तर ओरें खाडीच्या काठाने जाता येतं, पण तो वाहता रस्ता आहे, आणि मुलांचा पहिला दम तिथेच कशाला घालवायचा?

मळ्यात डोंगराच्या पायथ्याशी जुना झरा आहे, फोंत फेनिक्स. फोंताईन्हास हे नाव झऱ्यांवरूनच पडलं. पणजीचं पाणी इथून भरलं जाई. वर मारुतीचं देऊळ आहे. पायऱ्या आहेत, पण वरून मळ्याची कौलं आणि खाडी दिसते. गुडघे दुखणाऱ्यांनी झऱ्यापाशीच थांबावं.

तिथून उत्तरेकडे चालत सेंट सेबास्टियनचं चॅपल. आतला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातून आला. त्यातल्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे, सहसा ती झुकलेली असते. मुलांना आधी न सांगता "यात वेगळं काय?" असं विचारा. चॅपल मासच्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी उघडं असतं, एरवी बहुधा बंद.

पुढे ३१ जानेवारी रस्ता धरून सां तोमेपर्यंत. टपाल कार्यालयाची इमारत ही पोर्तुगीज काळातली तंबाखूची वखार. मग नदीकडे वळलं की आदिलशहाचा वाडा, म्हणजे जुनं सचिवालय. विजापूरच्या युसुफ आदिलशहाने तो १५०० च्या सुमारास नदीकाठी बांधला. १७५९ मध्ये व्हाइसरॉय जुन्या गोव्याकडून इथे राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. शेजारी आबे फारियाचा पुतळा. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचा. शिल्प मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत यांचं. मागे कलंडलेली बाई आणि तिच्यावर हात पसरलेला फारिया पाहून मुलं हमखास तसंच उभं राहून फोटो मागतात.

तिथून म्हामाय कामतांच्या वाड्याच्या बाजूने आत चर्च चौकात. शेवट नगरपालिकेच्या बागेत, बाकांवर. पायी सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर. एकटा माणूस पाऊण तासात उरकेल, मुलं बरोबर असतील तर अडीच तास धरा.

शिंपला
मार्ग चांगला आहे. दोन भर.

फोंताईन्हासमध्ये मुलांना "जुनी घरं बघा" म्हटलं तर पाच मिनिटांत कंटाळतात. शोधायला वस्तू द्या. छपरावरचा किंवा फाटकावरचा कोंबडा, निळ्या फरशीवर लिहिलेलं घराचं नाव, बाल्कांवातले, म्हणजे दारापुढच्या ओसरीतले सिमेंटचे समोरासमोर बाक, आणि शिंपल्यांची खिडकी. प्रत्येकी दोन-दोन शोधायची.

शिंपल्यांची खिडकी दूरून नुसती मळकट पांढरी दिसते. जवळ गेल्यावर कळतं की लाकडाच्या बारीक पट्ट्यांना खाचा पाडल्यात आणि त्या खाचांत शिंपल्याचे चौकोनी तुकडे एकावर एक सरकवून बसवलेत. दोन-तीन इंचांचा एक तुकडा. हा शिंपला चपटा, अभ्रकासारखा पातळ पापुद्र्यांचा. काच महाग होती, शिंपले खाडीत फुकट. ऊन आत येतं पण डोळ्यावर येत नाही, आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. तुकडा फुटला तर पट्टी काढून तेवढाच बदलायचा. आता असे तुकडे कापून देणारे फार उरले नाहीत, म्हणून पुष्कळ घरांत मधल्या चौकटीत काच किंवा प्लास्टिक दिसतं. तेही मुलांना शोधायला सांगा, नजर तयार होते.

दुसरं, ही लोकांची घरं आहेत. दारातल्या पायऱ्यांवर बसून फोटो, खिडकीचं झडप उघडून फोटो, कपड्यांचे तीन-तीन बदल करून फोटो, हे सगळं तिथल्या माणसांनी सोसून झालंय. बऱ्याच भिंतींवर तशा पाट्याही आहेत. रस्त्यावर उभं राहून काढा, आवाज कमी ठेवा.

खडाष्टक
मांडवीकाठ, सकाळचा आग्रह का? फोंताईन्हास आल्तिनो टेकडीच्या पूर्व उतारावर आहे. सकाळी खाडीकडून ऊन सरळ घरांच्या तोंडावर येतं. नऊनंतर अर्ध्या गल्ल्यांत सावलीच नसते. उलट दुपारी साडेचारनंतर डोंगराची सावली सगळ्या वस्तीवर पसरते. मार्च ते मे हे फिरणं संध्याकाळीच करावं, आणि तेव्हा दिशा उलटी धरावी: चर्च चौकातून सुरू करून मळ्यात संपवायचं. म्हणजे ऊन असताना बागेची झाडं मिळतात आणि शेवटी सावली.

मांडवीकाठ
उन्हाळ्यासाठी मान्य. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा नंतर मावळतो, साडेचारला सुरू केलं तर शेवटचा भाग अंधारात जातो. आणि संध्याकाळी नदीकाठच्या बांदोडकर मार्गावर कॅसिनोची गर्दी. तो रस्ता मुलांचे हात धरून ओलांडणं हे एक वेगळंच काम होतं. म्हणजे असं म्हणू: नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी साडेसातला, मळा ते चर्च. मार्च ते मे संध्याकाळी, चर्च ते मळा, आणि आदिलशहाचा वाडा अगदी सुरुवातीला.

दुपारी एक ते चार मात्र कुठल्याच ऋतूत नको. दुकानं बंद, गल्ल्या निजलेल्या.

अर्धा तिकीट
चर्चच्या पायऱ्यांचं कोणीच बोललं नाही. इमॅक्युलेट कन्सेप्शनचं चर्च चौकातून समोर दिसतं, पण पोचायला नागमोडी जिन्याचे टप्पे चढावे लागतात. टप्प्याटप्प्यावर थांबता येतं, कठडा आहे. तरी उन्हात आजोबांना चढवू नका. दर्शनी भाग खालूनच चांगला दिसतो, आतून चर्च तुलनेने साधं आहे. बागेतल्या बाकावर बसलेल्याचं फार काही चुकत नाही.

वर गेलात तर मधल्या घंटेकडे बघा. ती जुन्या गोव्यातल्या सां आगुस्तीनच्या मठाची. मठ ओसाड पडल्यावर ती आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये इथे टांगली. दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यात तो अर्धा उरलेला मनोरा दाखवायचा आणि विचारायचं, यातली घंटा कुठे पाहिली होती? दोन दिवसांचा धागा असा जुळतो.

चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, ८ डिसेंबरला. त्या आठवड्यात चौकात फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार लागतो. मुलांना खाजें-लाडू म्हणून ते आवडेल, पण निवांत चालणं विसरा.

बाबागाडी
चाकांच्या दृष्टीने लिहितो, कारण "सोपा मार्ग" म्हणजे प्रत्येकाला वेगळं वाटतं.

फोंताईन्हासमध्ये पदपथ असा जवळजवळ नाहीच, रस्त्यावरूनच चालायचं. रस्ता डांबरी किंवा फरशीचा, बाबागाडी चालते. त्रास कडेच्या गटारांच्या झाकणांचा. फटीत पुढचं छोटं चाक अडकतं आणि गाडी पुढे कलंडते. दुहेरी छोट्या चाकांची हलकी गाडी आणू नका, मोठ्या एकेरी चाकाची आणा, नाहीतर सरळ पाठीवरची झोळी. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी झोळीच बरी.

१८ जून रस्ता आणि चर्च चौकाच्या आसपास पदपथ आहेत, पण उंच आहेत. दर दुकानापाशी उतार-चढ, मध्येच खांब, मध्येच दुचाकी. शहरात खोदकाम कुठे ना कुठे चालूच असतं, त्यामुळे काल मोकळा असलेला तुकडा आज पत्रे लावून बंद असू शकतो. व्हीलचेअर असेल तर सां तोमे ते चर्च चौक हा भाग गाडीने करा. सलग आणि सपाट चालायचं तर कांपाल. कला अकादमीच्या बाजूची नदीकाठची बाग, मोठी झाडं, बाक. चार्ल्स कोरियांनी आखलेली अकादमी बाहेरून बघायलाही छान. इतिहास कमी, पण आजीला व्हीलचेअरवरून नदी दाखवायची तर पणजीत याहून सोपी जागा नाही.

कौलारू
३१ जानेवारी रस्त्याबद्दल एक खुलासा. "याच दिवशी पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला" असं पर्यटकांना सर्रास सांगितलं जातं. ते चूक. स्पेनच्या राजाचं जोखड पोर्तुगालने झुगारलं ते १ डिसेंबर १६४० रोजी. ३१ जानेवारी ही १८९१ सालची तारीख, पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची. उठाव त्याच दिवशी मोडला गेला, पण १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर पोर्तुगालभर रस्त्यांना ही तारीख मिळाली.

मुलांना रस्त्यांच्या तारखांचा खेळ लावता येतो. पलीकडचा १८ जून रस्ता म्हणजे १९४६ ची तारीख, डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभेबंदी मोडली तो दिवस. एका छोट्या शहरात एक तारीख पोर्तुगीजांच्या क्रांतीची आणि दुसरी पोर्तुगीजांविरुद्धच्या क्रांतीची. अंतर चालत दहा मिनिटं.

आणि ज्या बागेत मांडवीकाठ सगळ्यांना बसवतायत, ती गार्सिया द ओर्ताच्या नावाची. हा वैद्य. त्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मधल्या खांबावर पूर्वी वास्को द गामा होता, आता अशोकाचे सिंह.

वेळ उरला तर आझाद मैदानासमोर मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जा. भिंतभर निळ्या रंगाच्या फरश्यांची चित्रं आहेत, झोर्जे कोलासोची, १९३५ ची. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, वादळं, गलबतं. कार्यालयीन वेळेतच उघडं, म्हणजे रविवारी नाही. पाच मिनिटांचं काम, आणि आत गार असतं.

नुस्तें-शीत
खाण्याचं लिहा की राव! साडेसातला निघालेली मुलं नऊला भुकेजतात. फोंताईन्हासमध्ये फिरून चर्च चौकाच्या मागे आलात की भाजी-पावचे जुने कॅफे आहेत. पातळ भाजी, सुकी भाजी, बन्स, मिरची. पातळ भाजी थोडी तिखट असते, लहानांना बन्स आणि सुकी द्या. दहानंतर गेलात तर भाजी संपलेली असू शकते, आणि रविवारी बरेच कॅफे एकतर बंद, नाहीतर अर्धा दिवस.

बाहेरगावच्यांसाठी: इथे "पोळी" मागितली तर कोंड्याचा पोकळ पाव मिळेल. घडीच्या पोळीची वाट बघू नका. कुरकुरीत गोल ते काकण, गोल पाव तो उंडो. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा सकाळी आणि संध्याकाळी वाजतो. मुलांना सायकलवरची टोपली दाखवा आणि तिथल्या तिथे गरम पोळी घ्या.

चिरेबंदी
आता जुने गोवे. इथे चालण्यापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे.

पणजीच्या कदंब स्थानकावरून बस सतत असतात, अर्धा तास धरा. स्वतःची गाडी असेल तर सगळ्यात आधी टेकडीवर जा, सां आगुस्तीनच्या मनोऱ्याकडे. बहुतेक लोक बासिलिकापासून सुरू करतात आणि साडेअकराच्या उन्हात टेकडी चढतात. तो भाग पूर्ण उघडा आहे. सकाळी आधी वर, मग उतरत खाली.

मनोरा १६०२ च्या चर्चचा, आज ४६ मीटर उरलाय. मठ १८३५ मध्ये रिकामा करायला लावला, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भिंतही गेली. उरलंय ते एखादी इमारत उभी चिरून दाखवावी तसं. चिऱ्याचे थर, त्यांतला चुना, कमानीची सुरुवात कुठून होते ते, सगळं उघडं. बाजूच्या छोट्या दालनांच्या भिंतींवर रंगीत फरश्यांचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष इथेच उत्खननात सापडले, ते २०२१ मध्ये भारताने जॉर्जियाला दिले. भिंतींवर चढू देऊ नका. चिरा वरून घट्ट दिसतो, पण कडा भुसभुशीत असतात, पाय दिला की सुटतात.

तिथून उतरून बासिलिका ऑफ बॉम जिझस. बांधकाम १५९४ ते १६०५. बाहेरून तांबडी, आणि हीच तिची अडचण. जांभा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर घट्ट होतो, पण सच्छिद्र राहतो, पाणी पितो. म्हणून गोव्यात त्यावर चुन्याचा गिलावा देतात आणि दर पावसाळ्यानंतर सफेदी करतात. बासिलिकेचा गिलावा गेल्या शतकात "जुनं रूप" आणण्यासाठी काढून टाकला, आणि तेव्हापासून पाऊस थेट दगडावर. भिंतीजवळ जाऊन बोट न लावता बघा: चिऱ्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं, सांध्यातला चुना आत गेलेला. मग समोरचं पांढरं से कॅथेड्रल बघा. दगड तोच, फक्त अंगावर गिलावा. सहावी-सातवीच्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त कळेल.

आत गोंयच्या सायबाची, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी. ती संगमरवरी चौथऱ्यावर बरीच उंच ठेवलेली आहे, मुलांना खालून काही दिसत नाही. छोटी दुर्बीण असेल तर न्या. चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी केलेली, खालचा चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनीचा. तो टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला आणि १६९८ मध्ये इथे बसवला. आधी चांदीवरचे प्रसंग दाखवा, मग खालचे दगड. एकाच जागी दोन देशांची कारागिरी, सोनार आपला आणि पाथरवट तिकडचा.

शेवाळ
चिरेबंदी, पावसाळ्याचं लिहायचं राहिलं. जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि उघड्या जमिनीवर शेवाळ येतं. काळं पडलेलं शेवाळ वाळल्यासारखं दिसतं आणि तेच जास्त घसरतं. गुळगुळीत तळव्याच्या चपला, क्रॉक्ससारख्या झिजलेल्या सपाता नको. मागे पट्टा असलेले, खोल नक्षीच्या तळव्याचे सँडल. बंद बूट भिजले की दिवसभर वाळत नाहीत. चिऱ्याची लाल माती पांढऱ्या कपड्यांवरून सहज जात नाही, घसरून बसणारी मुलं असतील तर गडद कपडे घाला. छत्रीपेक्षा रेनकोट, कारण एक हात मुलाचा आणि एक हात कठड्याचा. टेकडीवरचा भाग पावसात सरळ वगळा, खालची दोन चर्चं आणि संग्रहालय पुरे.

चिरेबंदी
बरोबर. पुढचा भाग.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, १५६२ मध्ये सुरुवात, १६१९ मध्ये पूर्ण. एक मनोरा नाही हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. तो १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यातली सोन्याची घंटा गोव्यातली सर्वांत मोठी, पणजीची दुसऱ्या क्रमांकाची. नावात सोनं आहे ते आवाजामुळे.

मागे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आणि त्याला लागून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. शुक्रवारी बंद. व्हाइसरॉयांची चित्रं लहान मुलांना रटाळ वाटतील, पण कदंबकालीन मूर्ती आणि वीरगळ जरूर दाखवा. जुने गोवे म्हणजे फक्त चर्चं हा समज तिथे जातो.

तिथून नदीकडे उतरत व्हाइसरॉयची कमान. १५९७ मध्ये आलेल्या व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामाने आपल्या पणजोबाच्या, म्हणजे वास्कोच्या नावाने उभारली. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा. आताची बांधणी १९५४ ची, आधीची कोसळली होती. जवळच सेंट कायतानचं चर्च, रोमच्या सेंट पीटरचा छोटा भाऊ. घुमटाच्या बरोबर खाली जमिनीत विहीर आहे. त्याच्या आवारापाशी काळ्या दगडाचे खांब आणि वर आडवी शिळा एवढंच उरलेलं दार दिसेल. आदिलशहाच्या वाड्याचं ते. तांबड्या चिऱ्याच्या गावात तो काळा दगड चटकन डोळ्यांत भरतो, आणि तरी पर्यटकांच्या बस तिथून न थांबता जातात.

मनोरा ते कमान, सगळं फिरून दोन किलोमीटर. नऊला सुरू केलं तर बाराच्या आत आटोपतं.

पोशाख: खांदे आणि गुडघे झाकलेले. लहान मुलांना कोणी काही म्हणत नाही, पण मोठ्यांना दारातून परत पाठवतात. पातळ ओढणी पिशवीत ठेवा. रविवारी सकाळी मास असतात, साडेदहानंतर जा. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना सुरू होतात आणि ३ डिसेंबरला सायबाचं फेस्त. त्या दिवसांत पहाटेपासून माणसांचा पूर असतो. दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन नुकतंच झालं, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. तेव्हा पुढच्या काही वर्षांत निदान ती गर्दी नाही.

नुस्तें-शीत
फेस्ताच्या फेरीत चणे-खाजें मिळतात, ते विसरलात.

पायपीट
कमानीपासून दिवाडीची फेरीबोट घ्यावी का? मुलं बोटीसाठी हट्ट करतील.

चिरेबंदी
जरूर घ्या, पण उतरून पुढे चालू नका. कमानीखालून सरळ गेलं की धक्का. पायी जाणाऱ्याला पैसे नाहीत. पाच-दहा मिनिटांत पलीकडे. तिकडे उतरल्यावर गावापर्यंत खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतून सरळ लांब रस्ता आहे, एक झाड नाही. लोक "जरा चालून येऊ" म्हणून निघतात आणि अर्ध्यावर मुलाला कडेवर घेऊन परत फिरतात. त्याच बोटीने परत या. पाण्यातून मागे वळून बघितलं की कमान, झाडीतून वर आलेला से आणि कायतानचा घुमट एका ओळीत दिसतात. चारशे वर्षांपूर्वी गलबतातून येणाऱ्याला शहर याच बाजूने दिसायचं, म्हणून कमान नदीकडे तोंड करून आहे.

बोटीवर एक काळजी: आधी दुचाकी घुसतात, मग गाड्या, आणि उतरतानाही सगळ्यांना घाई. मुलांना घेऊन कडेच्या बाकांकडे राहा, मधल्या मोकळ्या जागेत नको. ओहोटीला उताराच्या टोकाला चिखल असतो, बोट पूर्ण टेकून फळी स्थिर होईपर्यंत पाय टाकू नका.

कौलारू
दिवाडीला स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांसाठी: बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरीबोट आहे. पलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावात सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. नार्व्यातल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. फेरीबोटींतून मूळ स्थान, स्थलांतर आणि जीर्णोद्धार असा सगळा प्रवास एका सकाळी होतो. पण हा चालण्याचा मार्ग नव्हे, वेगळा धागा हवा.

अर्धा तिकीट
मडगावकर रागावण्याआधी: मडगावातही एक तासाचं छान फिरणं आहे. होली स्पिरिट चर्चसमोरचा मोठा चौक, म्हणजे लार्गो द इग्रेज, जवळपास सपाट, कडेने जुने वाडे. चालत थोडं पुढे सात बुरणांचं, म्हणजे सात उतरत्या छपरांचं घर. सात म्हणतात, उरली तीन. खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. चौकातून मोंतच्या टेकडीवर चढ आहे, बाबागाडीला नको.

बाबागाडी
प्रसाधनगृहं कोणी लिहिलेली नाहीत आणि मुलांबरोबर हाच पहिला प्रश्न असतो. पणजीत निघण्याआधी कदंब स्थानकावर उरकून घ्या. फोंताईन्हासच्या आत सार्वजनिक सोय धरू नका, थेट कॅफेत पोचल्यावर. जुन्या गोव्यात खाली वाहनतळाच्या बाजूला आहे, टेकडीवर जाण्याआधी तिथेच. सुटे पैसे खिशात.

पाणी माणशी एक लिटर, उन्हाळ्यात दीड. टेकडीवर विकत मिळेल या भरवशावर जाऊ नका.

पायपीट
पाऊस कोसळू लागला आणि पणजीतच अडकलो तर?

शिंपला
पाटोवर सरकारी मध्यवर्ती ग्रंथालय आहे, कृष्णदास शामांच्या नावाचं. मूळ संस्था १८३२ ची, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. मुलांचा वेगळा विभाग आहे आणि मराठी पुस्तकंही. वाहनतळापासून जवळच. कृष्णदास शामा केळोशीचे, १५२६ मध्ये त्यांनी मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं. आत जाण्याआधी छत्र्या झटका, फरशी गुळगुळीत आहे.

मांडवीकाठ
सगळ्यांचे आभार. पहिल्या पोस्टमध्ये दोन बदल धरावेत: मार्च ते मे दिशा उलटी, आणि व्हीलचेअर असेल तर सां तोमे ते चर्च चौक गाडीने. खडाष्टकबाब, संध्याकाळच्या मार्गात मारुतीच्या देवळापाशी दिवेलागणीला पोचायचं असेल तर चर्च चौकातून किती वाजता निघावं?

खडाष्टक
मे महिन्यात सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. पावणेपाचला निघा, चॅपलपाशी सव्वासहा, झऱ्यापाशी साडेसहा. उतरताना पायऱ्यांवर अंधार होईल, टॉर्च घ्या. आणि रिक्षा आधीच सांगून ठेवा, त्या वेळी मळ्यात रिकामी सापडत नाही.